सिरोंच्याचा लांबमान्या: हाडं महाराष्ट्राची, नाव टागोरांचं, सांगाडा कोलकात्यात

भुईकोट (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या सोलापुरात पेठेतल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि 'भारतातले डायनोसॉर' हा फलक करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पोरांनी जमवलेली माहिती चाळली तर निम्मा फलक टी-रेक्सनं खाल्लेला आणि उरलेल्यात गुजरातची अंडी. महाराष्ट्राचा रकाना कोरा. "काका, आपल्याकडं कुठं असतेत डायनोसॉर?" असं वर मलाच विचारतात. म्हणून वाचायला बसलो, आणि वाचून झाल्यावर जरा तावातच हा धागा काढतोय.

राज्याच्या पार दक्षिण-पूर्व टोकाला सिरोंचा तालुका आहे. प्राणहिता गोदावरीला मिळते तो मुलूख, आजचा गडचिरोली जिल्हा. तिथं पोचमपल्ली नावाच्या खेड्याजवळ १९५८ साली मोठमोठी हाडं दिसली. शोधणारी संस्था कुठली, तर कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. होय, आकडेमोडवालीच. संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावून घेतलं होतं आणि त्यातून संस्थेत भूविज्ञानाचा विभाग उभा राहिला. त्या मंडळींनी १९६०-६१ मध्ये तिथं खोदलं आणि तीनशेच्या आसपास हाडं बाहेर काढली. तीही एका जनावराची नव्हेत. किमान सहा जनावरांची, एकमेकांत मिसळलेली, आणि त्यांच्यासोबत दगड झालेले झाडांचे बुंधे.

प्राणी म्हणाल तर लांब मान, लांब शेपूट, चार भक्कम पाय, पाला खाणारा, अंदाजे चौदा मीटर लांब. ज्युरासिक काळाच्या सुरुवातीच्या भागातला, म्हणजे लांब मानेच्या घराण्यातला फार जुना पूर्वज. नाव पडलं १९७५ साली: बारापासॉरस टागोराय. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधरी आणि शंकर चटर्जी या चौघांनी ते दिलं. पहिलं हाड दिसल्यापासून बारसं होईपर्यंत सतरा वर्षं गेली. टागोर का, तर खोदकाम चाललं होतं ते १९६१ रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष.

आता माझं म्हणणं. टागोरांबद्दल आदरच आहे. पण हाडं इथली, सांगाडा कोलकात्यात, आणि नावात ना सिरोंचा ना गोदावरी. एवढा ऐवज घरातून गेला आणि घरातल्यांना पत्ता नाही. नाव ठेवायचा हक्क नेमका कुणाचा असतो? त्यात गावाला तोंड उघडता येतं का? जाणकारांनी सांगावं.

शेंगाचटणी

बारा पा म्हणजे बारा पायाचा का बे मालक? फलकाला कागद पुरायचा नाही.

भुईकोट

चारच हायेत, गप बस. बंगालीत 'मोठ्या पायाचा'. पहिल्याच खोदकामात १.७ मीटरहून लांब मांडीचं हाड निघालं, त्यावरून हे नाव. नुसतं मांडीचं हाड तुझ्या उंचीएवढं, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं.

मागवाला

पोचमपल्ली वाचून मी दचकलोच. आमच्या घरात पोचमपल्ली म्हटलं की इक्कतची साडी, सूत आधी बांधून रंगवायचं आणि मग मागावर चढवायचं ते काम. ते गाव तेलंगणात, हैदराबादच्या बाजूला. हे सिरोंच्याचं वेगळं. पोचम्मा देवीच्या नावानं तेलुगू मुलखात असली गावं पायलीला पन्नास. फलकावर तालुका-जिल्हा स्पष्ट लिहा भुईकोट अण्णा, नाहीतर आपल्या पूर्व भागातला प्रत्येक पालक साडीचं गाव समजून बसेल.

दुसरं म्हणजे गावाला नाव मिळतच नाही असं नाही. तेलंगणातच यमनपल्ली नावाचं खेडं आहे, तिथं असाच एक लांब मानेचा सापडला. १९८८ साली पी. यादगिरी यांनी नाव ठेवलं, कोटासॉरस यमनपल्लीएन्सिस. गावाचं नाव सहीसलामत. बाराएक जनावरांची हाडं मिळाली होती, आणि त्यातून जुळवलेला सांगाडा हैदराबादच्या बिर्ला सायन्स म्युझियममध्ये उभा आहे. सोलापूरहून कोलकात्याला कोण जातंय, पण हैदराबादला तर आपण लग्नाच्या खरेदीलाही जातो. चारमिनार बघून परत येणाऱ्यांनी तिथं एक चक्कर टाकायला काय हरकत आहे?

भुईकोट

बघा, म्हणजे तेलंगणानं गावाचं नाव ठेवलं आणि आपल्या वाट्याला काहीच नाही. माझंच म्हणणं पक्कं होतंय.

खडकू

थांबा. तुमचा मुद्दा इथंच उलटतो.

कोटासॉरसमधलं 'कोटा' म्हणजे काय? ते खडकांच्या थराचं नाव, कोटा फॉर्मेशन. आणि त्या थराला ते नाव मिळालं कोटा या गावावरून. हे गाव प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याजवळ, महाराष्ट्रात. म्हणजे तेलंगणात निघालेल्या जनावराच्या आद्य नावात तुमचंच गाव बसलंय. बारापासॉरसही त्याच कोटा थरातला. नदीनं दोन राज्यं वेगळी केली हे अलीकडचं, थर दोन्ही काठांखाली एकच.

आता हक्काचं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, हा प्रश्न दरवर्षी येतो. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्या हिशेबानं १७५८ सालापासूनची नावं धरतात. नाव देण्याचा अधिकार शोधणाऱ्याचा नाही, जमीनमालकाचा नाही, सरकारचाही नाही. जो पहिल्यांदा रीतसर वर्णन छापतो त्याचा. हाड तुम्ही शोधा, खांद्यावर वाहून आणा, वीस वर्षं कपाटात ठेवा. दुसऱ्यानं परवानगीनं अभ्यास करून शोधनिबंध छापला की नाव त्याचं लागतं. शोधणाऱ्याचा मान राखायचा तो सभ्यतेचा भाग, कायद्याचा नाही.

छापायचं काय, तर तीन गोष्टी. नाव, इतरांपेक्षा वेगळेपणाच्या खुणा, आणि ते नाव ज्याला टांगलेलं आहे असा एक ठरावीक नमुना. ही तिसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. बारापासॉरसची तीनशे हाडं असली तरी ते नाव तीनशे हाडांना दिलेलं नाही. किमान सहा जनावरं मिसळलेली, उद्या कुणी म्हणालं की त्यात दोन जाती आहेत, तर नाव कुणाकडं राहणार? म्हणून एक हाड नेमलं. ते आहे त्रिकास्थी, म्हणजे कंबरेतले एकत्र जुळलेले मणके, संस्थेच्या नोंदवहीत आर-५० क्रमांकाचं. उद्या वाद झाला तर टागोरांचं नाव त्या त्रिकास्थीबरोबर जाईल. तुमच्या मांडीच्या हाडाबरोबर नाही, ज्यावरून बारापा म्हणतात!

आणखी एक. या जनावराची कवटी सापडलेलीच नाही, मोजके दात तेवढे मिळाले. चित्रात दिसणारं डोकं नातेवाइकांकडून उसनं आणलेलं असतं. फलकावर डोकं काढाल ते तुटक रेषेनं काढा, मुलांना प्रश्न पडू दे.

भुईकोट

सर, हे लाखमोलाचं. तुटक रेषेचं डोकं नक्की. पण एक शंका. नमुना हरवला तर?

खडकू

हरवला होता की! भारतातल्या पहिल्यावहिल्या डायनोसॉरचाच.

ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन सगळ्यांना माहीत असेल. त्याच कॅप्टन स्लीमनला १८२८ साली जबलपूरच्या बडा शिमला टेकडीत हाडं सापडली. 'डायनोसॉर' हा शब्दच १८४२चा, त्यामुळं त्याला ते काय आहे हे कळणं शक्यच नव्हतं. हाडं कोलकात्याला गेली. पुढं १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्या टेकडीतल्या हाडांवरून टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं, मुख्य आधार शेपटीचे दोन मणके. त्या मणक्यांची खूण अशी की पुढून वाटी आणि मागून गोळा. एकाचा गोळा मागच्याच्या वाटीत बसणार. तेव्हा डायनोसॉरमध्ये असं कुठं बघितलेलं नव्हतं, म्हणून नवं नाव रास्त होतं.

पुढं शंभर वर्षांत जगभर तसले मणके निघाले. अर्जेंटिनात, आफ्रिकेत, युरोपात. म्हणजे खूण एका जातीची नव्हती, अख्ख्या घराण्याची होती. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळं तपासून सांगितलं की या दोन मणक्यांवरून एक जात ओळखता येत नाही, हे नाव शंकास्पद धरा. गंमत म्हणजे घराण्याला मात्र आजही टायटनोसॉरच म्हणतात. मूळ पुरुषाची ओळख गेली, आडनाव जगभर पसरलं. आणि तो मणका मधल्या काळात कुणाला सापडतच नव्हता. २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मिळाला. त्यात आपल्या नागपूरकडचे धनंजय मोहबे होते.

शेंगाचटणी

घरातच होता आणि सगळ्या गावात शोधत होते. आमच्या आईचा चष्मा.

वरोरेकर

विदर्भातून राम राम. सोलापूरकरांना सिरोंच्याचा कळवळा आला हे पाहून बरं वाटलं, पण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातला दुसरा लांबमान्या तुम्ही विसरले.

वरोऱ्याजवळ डोंगरगावची टेकडी आहे. तिथून ऐंशीच्या दशकात त्याच कोलकात्याच्या संस्थेनं एक सांगाडा काढला. मान, पाठ, कंबर, शेपूट यांचे मणके, बरगड्या, खांदा, दंडाचं हाड. भारतात या घराण्याचा इतका पूर्ण ऐवज क्वचितच मिळाला असेल. इथंही कवटी नाहीच. १९९७ साली जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं, अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट यांच्या नावानं. आणि वर खडकू सरांनी सांगितलं तसं २००३ मध्ये टायटनोसॉरस हे नावच बाद झालं. मग या बिचाऱ्याचं काय? विल्सन-अपचर्च यांनीच त्याला नवं आद्य नाव दिलं, आयसीसॉरस. संस्थेच्या आद्याक्षरांवरून. जातीचं नाव कोल्बर्टी तेच राहिलं, ते नव्या घरात सोबत आलं.

म्हणजे चंद्रपूरच्या टेकडीतलं जनावर, नाव एका अमेरिकन माणसाचं आणि एका कोलकात्याच्या संस्थेचं. भुईकोट भाऊ, तुमच्या टागोरांचं दुःख यापुढे काहीच नाही.

आणि एक विशेष. आयसीसॉरसची मान लांबमान्यांच्या मानानं आखूडच आणि वर उभी, पुढचे पाय मात्र लांब. अंगकाठीच वेगळी.

भुईकोट

डोंगरगावचं नाव फलकावर मी लिहीन, संहितेनं लिहो न लिहो.

नियमावर बोट

थोडं विरुद्ध बोलतो. हा 'आपलं नाव का नाही' प्रकार मला पटत नाही. हाडं सापडणं हा नशिबाचा भाग. पुढची पंधरा-वीस वर्षं छिन्नी-ब्रशनं दगड उकरणारे, मणक्याला मणका लावून मापं घेणारे, परदेशी संग्रहालयांशी ताडून बघणारे कोण होते? कोलकात्याचे. आपल्या राज्यातल्या एखाद्या विद्यापीठानं तेव्हा हे केलं असतं तर नाव ज्ञानेश्वरांचं असतं, कुणी अडवलं नसतं.

आणि हाडं जिथल्या तिथं ठेवली असती तर काय झालं असतं, त्यासाठी तमिळनाडूकडं बघा. अरियलूर भागातल्या कल्लमेडूला प्रचंड मोठी हाडं निघाली. यादगिरी आणि अय्यासामी यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नाव दिलं, बृहत्कायोसॉरस मॅटलेयाय. आधी मांसाहारी समजले, मग इतरांनी सांगितलं की हा लांब मानेचाच असणार. काहींच्या अंदाजानं जमिनीवर चाललेल्या सगळ्यात अजस्र प्राण्यांपैकी एक. पण हाडं मुळात ठिसूळ होती, ती विरून गेली. आज हातात आहेत ती रेखाटनं आणि २०२२ मध्ये नव्यानं छापलेले काही जुने फोटो. आता बसा अंदाज करत. कोलकात्यात सांगाडा उभा तरी आहे ना, जाऊन मोजता तरी येतो!

भुईकोट

मान्य, अर्धं. टिकवलं त्यांनी, त्याबद्दल सलाम. पण श्रेय देण्याचे दुसरे मार्ग असतात. अर्जेंटिनातला पॅटागोटायटन घ्या. एका शेतमजुराला माळावर हाड दिसलं, अभ्यास होऊन २०१७ मध्ये नाव ठेवलं पॅटागोटायटन मायोरम. मायो हे त्या कुरणाच्या मालकांचं कुटुंब. शास्त्रज्ञांना राहू दिलं, खोदू दिलं, म्हणून जगातल्या सगळ्यात मोठ्या जनावरांपैकी एकाला त्यांचं नाव. ऑस्ट्रेलियात एका पशुपालक कुटुंबाच्या जमिनीवर निघालेल्या लांबमान्याचं २०२१ मध्ये बारसं झालं, ऑस्ट्रेलोटायटन कूपरेन्सिस, तिथल्या कूपर नदीवरून. तिथले लोक नाव ठेवताना जागेकडं आणि माणसांकडं बघतात. आपल्याकडं नेत्याकडं, संस्थेकडं, थोर पुरुषाकडं. पोचमपल्लीच्या ज्या लोकांनी वाट दाखवली असेल, खड्डे खणले असतील, पाणी आणलं असेल, ते कुठल्या नावात आले?

मागवाला

हे पटलं. चादरीवर कारखान्याचं लेबल लागतं, विणणाऱ्याचं कुठं लागतं?

खडकू

वादात एक ताजं उदाहरण घालतो. जैसलमेरजवळ जेठवाई गावाच्या परिसरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना हाडं मिळाली, आयआयटी रुरकीबरोबर अभ्यास झाला, आणि २०२३ मध्ये थारोसॉरस इंडिकस हे नाव छापून आलं. वय सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षं, लांबमान्यांच्या डायक्रिओसॉरिड नावाच्या शाखेतला जगातला सगळ्यात जुना. नावात वाळवंट आलं, देश आला. तेव्हा वारं थोडं बदलतंय, भुईकोट.

मीरा_बार्शी

मी शेतकरी आहे, शास्त्र माझा प्रांत नाही. दोन प्रश्न.

एक. आमच्या विहिरीच्या खोदाईत मुरमाच्या खाली एकाला एक लागून गोल गोल दगड निघाले, नारळापासून घागरीएवढे. वरून हातानं पापुद्रे सुटतात, आत टणक गोळा. गडी म्हणाला ताई ही अंडी आहेत. धाकट्या दिरानं एक घरी आणून देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवलंय.

दोन. ओसरीच्या शहाबादी फरशीवर काळी नाजूक झाडी उमटलीये, अगदी नेच्याच्या पानासारखी. तो जीवाश्म आहे का? असेल तर फरशी काढून शाळेला देते.

खडकू

मीराताई, दोन्हीचं उत्तर नाही, पण दोन्ही गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

तुमचे गोल दगड म्हणजे आपला काळा पाषाणच. लाव्हा थंड होताना त्याला भेगा पडतात, चौकोनी-षटकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे तिन्ही बाजूंनी कुजतात म्हणून आधी झिजतात, आणि मध्ये गोळा उरतो. कांद्यासारखे पापुद्रे सुटतात म्हणून त्याला तसंच नाव पडलंय. बार्शी, मोहोळ, माढा, कुठंही रस्त्याच्या कापात हे दिसतं. अंड्याचं कवच पातळ असतं, जेमतेम एक-दोन मिलिमीटर, आणि भिंगाखाली त्यात बारीक छिद्रं दिसतात. पापुद्र्यावर पापुद्रा नसतो. अर्थात धार जिल्ह्यात याच्या उलट झालं. तिथं शेतात मिळणारे गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पुजत होते आणि २०२३ मध्ये तज्ज्ञांनी ती डायनोसॉरची अंडी असल्याचं सांगितलं. तेव्हा गड्याची शंका अगदीच वेडगळ नव्हती. धारकडं त्या काळचा गाळाचा खडक आहे, तुमच्या विहिरीत नाही, एवढाच फरक.

फरशीवरची झाडी मँगनीजची. दोन थरांच्या फटीतून खनिजाचं पाणी झिरपतं आणि फांद्या फुटत जातात तसं ते वाळतं. नेच्याला मधली शीर असते, पानाची ठरावीक मांडणी असते. ही नक्षी कशीही फुटते. शिवाय शहाबादचा चुनखडक डायनोसॉरच्या कितीतरी आधीचा, हाडंबिडं असलेला प्राणीच तेव्हा जन्मला नव्हता. फरशी राहू द्या, छान दिसतीये.

शेंगाचटणी

म्हणजे सोलापुरेन्सिस नावाचा डायनोसॉर कधीच होणार नाही? आम्ही गड्ड्याच्या जत्रेत त्याचा पाळणा लावणार होतो.

खडकू

सोलापूर बसलंय दख्खनच्या लाव्हावर. साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या शेवटच्या काळात, हा लाव्हा थरावर थर ओतला गेला. तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही. हाड टिकायला नदीचा, तळ्याचा गाळ लागतो, आणि तोही झटपट अंगावर पडावा लागतो. सिरोंचा, डोंगरगाव, जबलपूर, गुजरातचं बालासिनोर, सगळीकडं गाळाचे खडक. दोन लाव्हांच्या मधल्या निवांत काळात तळी साचायची, त्यांच्या गाळात मासे, बेडूक, वनस्पती मिळतात. मुंबईच्या अशाच थरातला बेडूक तर एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. तेव्हा मऊ मांजऱ्या दगड आणि काळ्या पाषाणाच्या मध्ये कुणाला विहिरीत पातळ, थराथराचा, चिखलासारखा दगड लागला तर फेकू नका, कळवा. हाड आहे का दगड हे बघायची जुनी युक्ती म्हणजे तुकड्याला जीभ लावायची. हाडाला बारीक छिद्रं असतात, जीभ चिकटते. आधी धुवा मात्र.

नान्नजची_पाखरं

सोलापूरचा डायनोसॉर आहे की! नान्नजच्या माळावरचा माळढोक. पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज, आता हे पाठ्यपुस्तकातही आहे. फक्त फलकावर माळढोक आणि बारापासॉरस यांना बाप-लेक दाखवू नका. पक्षी आले दोन पायांवर पळणाऱ्या मांसाहारी शाखेतून. लांबमान्ये त्यांचे लांबचे चुलते.

पण चुलत्यांकडं आणि पाखरांकडं एक सामाईक गोष्ट आहे, पोकळ मणके. जिराफाच्या मानेत आपल्यासारखेच सात मणके, फक्त लांब केलेले. म्हणून ती दोन-सव्वादोन मीटरवर थांबते. चीनच्या मामेन्चीसॉरसच्या मानेत अठराच्या आसपास मणके. त्यातल्या एका जातीची मान २०२३च्या अभ्यासात सुमारे १५ मीटर काढली आहे. हातात मानेचे थोडेच मणके होते, नातेवाइकांच्या मापावरून उरलेला हिशेब केला. स्कॅन केल्यावर त्या मणक्यांचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग हवा निघाला. फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या पक्ष्यांसारख्या मणक्यांत घुसलेल्या. शिवाय डोकं लहान, कारण चावायचंच नाही, पाला ओरबाडायचा आणि गिळायचा. चर्वणाचं काम पोटात. जड जबडा आणि दाढा मानेच्या टोकाला टांगल्या असत्या तर मान कधीच एवढी वाढली नसती. मुलांना हे सांगा, नावापेक्षा जास्त लक्षात राहील.

भुईकोट

पाखरंताई, हे घेतोच. पोरांना कागदाच्या नळीची मान करायला लावतो, आत भरीव आणि पोकळ अशा दोन. कोणती वाकते ते बघू दे.

वरोरेकर

गिळण्याचा विषय निघालाच आहे तर आमचं पिसदुरा राहून गेलं. वरोऱ्याकडचंच गाव. तिथं शेतात डायनोसॉरचं दगड झालेलं शेण मिळते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी त्या शेणाचे तुकडे तपासले, त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे बारीक कण निघाले. तोवर समज होता की डायनोसॉर होते तेव्हा गवत नव्हतंच. आमच्या शेणानं तो समज मोडला, आणि निबंध आला 'सायन्स'मध्ये. त्यातले काही कण भाताच्या कुळाशी जवळचे निघाले.

शेंगाचटणी

शेणाला कुणाचं नाव दिलं?

वरोरेकर

तेवढ्यासाठी कोणी भांडत नाही.

मीरा_बार्शी

भाताचं कूळ आधीपासून, आणि ज्वारीचं काय? मंगळवेढ्याच्या लोकांना हे पटायचं नाही.

वरोरेकर

आम्ही भातच खातो ताई, आम्हाला चालते.

भुईकोट

फलकाचा मजकूर असा करतोय: मधोमध बारापासॉरस, डोकं तुटक रेषेत, त्रिकास्थी लाल रंगात आणि बाजूला 'नाव या हाडाला आहे'. खाली पोचमपल्ली, तालुका सिरोंचा, जिल्हा गडचिरोली. डावीकडं डोंगरगाव आणि पिसदुरा, उजवीकडं माळढोक. मीराताई, तुमच्या विहिरीतले दोन गोल दगड आणि फरशीचा फोटो मिळाला तर 'हे जीवाश्म नव्हेत' असा वेगळा टेबल लावतो. माझ्या अंदाजानं गर्दी तिथंच होणार. टागोरांचा फोटो लावायचा की नाही हे मुख्याध्यापिका बाईंवर सोडलंय.

मीरा_बार्शी

दगड एसटीनं पाठवते. देव्हाऱ्याजवळचा मागू नका, सासूबाईंनी त्याला हळद लावलीये.

मागवाला

आणि प्रदर्शन झाल्यावर कोटासॉरस बघायला हैदराबाद. हुसेनसागर सोलापूरला थांबते. कोण कोण येणार ते इथंच लिहा, तिकिटं मी काढतो.

शेंगाचटणी

खिडकी माझी. आणि जीभ लावायला देतेत का तिथं?

खडकू

नाही.